टेंडर वाचायला शिकू या
संगणकावरची सरकारी खरेदी आणि आपण सभासद



मागील काही अंकांत आपण बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि ठिबकमधून खते देणे हे विषय पाहिले. या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून खरेदीचा विषय घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने टेंडरवर कशाला लिहावे, असे काहींना वाटेल. पण गटात फिरताना दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक म्हणजे, "साहेब, आता सगळं ऑनलाइन झालं, आता कोण खाईन?" आणि दुसरे, "ऑनलाइन असो का कागदावर, ज्याले द्यायचं त्यालेच देतात." पहिले म्हणणाऱ्याने टेंडर उघडून वाचलेले नसते, आणि दुसरे म्हणणाऱ्यानेही नसते. ते वाचावे कसे, एवढाच आजचा धडा आहे.

आधी जुनी पद्धत आठवून पाहा. वर्तमानपत्रात कोपऱ्यात जाहिरात येई. कोरा फॉर्म विकत घ्यायला कचेरीत जावे लागे, म्हणजे कोण कोण फॉर्म नेऊन गेले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मग लाखेचे सील मारलेला लखोटा पेटीत टाकायचा. पेटीपर्यंत पोहोचू न देणारी माणसे दारात उभी असत, हे जुन्या लोकांना सांगायला नको. ई-निविदेने हा भाग खरोखर मोडून काढला. फॉर्म घरबसल्या उतरवून घेता येतो. भरलेला दर कुलूपबंद होतो आणि ठरलेल्या वेळेआधी तो कोणालाही उघडता येत नाही. वेळ संपली की एक मिनिट उशीर झालेला दरही यंत्र घेत नाही, मग तो कोणाचा का असेना. हे मोठे काम झाले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

नियमांचा प्रवास थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारची खरेदी सामान्य वित्तीय नियमांवर चालते. हे नियम प्रथम १९४७ साली निघाले, नंतर १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये सुधारले गेले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' म्हणजे 'जेम' हा सरकारी खरेदीचा बाजार संगणकावर सुरू झाला. पूर्वी केंद्राच्या खात्यांसाठी दर ठरवून देणारे जे जुने महासंचालनालय होते, ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंदच केले. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी आपली खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली आणि तीन लाखांवरील वस्तूंच्या खरेदीला ई-निविदा लावली. या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून आकडा सांगण्यापूर्वी त्या वर्षाचे परिपत्रक पाहावे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची तारीख १ जून २०२२. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांना जेमवर खरेदीदार म्हणून येण्यास मंजुरी दिली. तोपर्यंत तो बाजार सरकारी खाती आणि सरकारी कंपन्या यांच्यापुरता होता. सहकारी संस्थांवर त्याची सक्ती नाही, हेही ध्यानात असू द्या.

जेमवर मोठ्या खरेदीत 'रिव्हर्स ऑक्शन' नावाचा प्रकार असतो. आपल्या बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगापुढे बोली चढत जाते. इथे ती उतरत जाते. सर्वांत कमी दर पडद्यावर दिसतो आणि विकणारे एकमेकांच्या खाली दर टाकत जातात. शेवटी जो सर्वांत खाली, तो एल-वन. माल त्याचा.

आता खरी गोम. यंत्र दोन दरांची तुलना करते. ते दोन दर एकाच मालाचे आहेत की नाहीत, हे ठरते मालाच्या वर्णनावरून, आणि वर्णन माणूस लिहितो. यंत्रात काही वस्तूंचे रकाने आधीच ठरवलेले असतात, तेवढी मदत होते. तरी रकान्यात काय भरायचे ते खरेदीदारच ठरवतो.

आपल्या रोजच्या वापरातले उदाहरण घेऊ. झिंक सल्फेट दोन प्रकारचे मिळते. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एकात किमान २१ टक्के जस्त असते आणि दुसऱ्यात किमान ३३ टक्के. समजा एखाद्या संस्थेने निविदेत नुसते "झिंक सल्फेट, इतके टन" असे लिहिले. २१ टक्केवाल्याने किलोला ६० रुपये भरले आणि ३३ टक्केवाल्याने ८५ भरले. हे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. यंत्र डोळे झाकून ६० वाल्याला एल-वन ठरवील, आणि त्यात यंत्राची काही चूक नाही. आता शेतातला हिशेब करा. उसाला हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस आहे. २१ टक्क्यांच्या २० किलोत जस्त ४.२ किलो, खर्च १,२०० रुपये. तेवढेच जस्त ३३ टक्केवाल्यातून द्यायचे तर १२.७ किलो पुरतात, खर्च सुमारे १,०८२ रुपये. म्हणजे "स्वस्त" मालाने हेक्टरी ११८ रुपये जास्त घेतले. हजार हेक्टरला १ लाख १८ हजार. वर जास्तीच्या गोण्यांची वाहतूक आणि हमाली वेगळीच. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी नियम मोडला नाही, सगळे ऑनलाइन झाले, तरी पैसा गेला. निविदेत "जस्ताच्या प्रति किलो दराने तुलना होईल" ही एक ओळ असती तर गेला नसता.

ठिबकच्या नळीचेही तसेच. "१६ मि.मी. लॅटरल" एवढ्यावर दर मागवले तर भिंतीची जाडी कमी असलेली नळी नेहमीच जिंकणार. साध्या लॅटरलला आयएस १२७८६ आणि आतच ड्रिपर असलेल्या नळीला आयएस १३४८८ हे भारतीय मानक आहे. मानकाचा आकडा, जाडीचा वर्ग, ड्रिपरमधले अंतर आणि ताशी प्रवाह एवढे चार शब्द लिहिले की तुलना सारख्याला सारखी होते.

वर्णन ढिले ठेवले की हलका माल येतो. आणि नको इतके आवळले की एकच विक्रेता उरतो. एकाच कंपनीच्या मोटरीची मापे मिलिमीटरपर्यंत उतरवून काढणे, दहा लाखांच्या कामाला कित्येक कोटींच्या उलाढालीची अट घालणे, मुदत सणासुदीच्या सुट्ट्यांत संपवणे, हे प्रकार संगणकावरही अगदी सुखाने होतात. यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही. वाचणाऱ्याला दिसते.

तिसरा प्रकार तुकडे पाडण्याचा. बारा लाखांची खरेदी एकदम केली तर निविदा लागते, म्हणून ती लहान-लहान पाच ऑर्डरींत करायची. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी किंवा निविदा टाळण्यासाठी मागणीचे असे तुकडे करू नयेत, असे सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला तर स्वच्छच निघतो. पाचही ऑर्डरी तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडल्या तरच गोष्ट उघडी पडते. पूर्वी हे मांडायला कचेरीत कागद मिळत नसत. आता बरेच कागद पडद्यावर आहेत, फक्त मांडणारा पाहिजे. युक्रेन देशाने 'प्रोझोरो' नावाची अशीच यंत्रणा १ ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी खरेदीला लावली. तिचा पायाच असा की लिलाव संपल्यावर सगळ्यांचे दर आणि कागद कोणालाही पाहता यावेत. तिथे चुका पकडण्यात पत्रकार आणि साधे नागरिक यांचाही हात असतो.

चांगल्या अटीने काय होते, त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची रुंदी वाढवताना भरावासाठी माती आणि मुरूम लागला. तो डोंगर फोडून आणण्याऐवजी गावतलाव, नाले आणि बंधारे यांतला गाळ-मुरूम काढून वापरायचा, असे ठरले. रस्त्याला माती मिळाली, तलावांची खोली वाढली आणि आसपासच्या विहिरींना पाणी आले. त्याला पुढे 'बुलढाणा पॅटर्न' म्हणू लागले आणि तो जिल्ह्याबाहेरही गेला. रस्त्याच्या कामात "माती कुठून आणायची" हा मुद्दा कोणीतरी डोके लावून घातला म्हणून हे झाले. कमीत कमी दर शोधणाऱ्या कोणत्याही यंत्राला हे सुचले नसते.

आता प्रत्यक्ष पाहायचे कसे. राज्य शासनाच्या 'महाटेंडर्स' संकेतस्थळावर चालू निविदा पाहायला नावनोंदणी किंवा पासवर्ड लागत नाही. मुलाच्या मोबाइलवरही दिसते, पण अक्षर बारीक असते म्हणून संगणक बरा. 'टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन' या ठिकाणी खात्याचे नाव निवडा. जिल्हा परिषद, जलसंपदा, बांधकाम, जे पाहिजे ते. यादीत कामाचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि शेवटची तारीख असते. पहिल्यांदा या दोन तारखांतले अंतर पाहा. मग अटींचा कागद उघडून वर सांगितल्याप्रमाणे वर्णन आणि पात्रता वाचा. 'कॉरिजेंडम' म्हणजे शुद्धिपत्रक जरूर पाहा, कारण मूळ अट सरळ आणि शुद्धिपत्रकातली अट वाकडी असे होऊ शकते. निविदा उघडल्यावर 'टेंडर स्टेटस' मध्ये किती जणांनी दर भरले, किती तांत्रिक छाननीत बाद झाले, आणि शेवटी काम कोणाला गेले हे कळते. दहा जणांनी भरले आणि नऊ जण छाननीत बाद, असे दिसले तर कारण विचारावे. तिघांनी भरले आणि तिघांच्या दरांत जेमतेम पाच-पाचशेचा फरक, असे दिसले तरी विचारावे. विचारणे म्हणजे आरोप करणे असे मात्र समजू नये. पुष्कळदा कारण साधे निघते.

तुमच्या गावच्या पाझर तलावाची दुरुस्ती, शाळेची खोली, पाणंद रस्ता, यांचे कागद असे वाचून पाहा. दोन-तीन वाचले की डोळा तयार होतो.

आणि मग कारखान्याकडे वळा. हे लिहिताना मी कारखान्याचा नोकर आहे हे विसरलेलो नाही. पण मालक तुम्ही आहात. सहकारी साखर कारखान्याची साखर, बगॅस, मळी आणि भंगार यांची विक्रीही निविदेने किंवा ई-लिलावाने होते, आणि ऊस उत्पादकाचा पैसा खरेदीपेक्षा विक्रीत जास्त गुंतलेला असतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्याप्रमाणे उत्पन्नवाटपाचा हिशेब होतो. साखरेसह बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचे उत्पन्न धरले तर त्याचे ७० टक्के उसाला जातात. हा हिशेब ज्या हंगामात एफआरपीच्या वर जातो, त्या हंगामात बगॅस टनाला शंभर रुपयांनी स्वस्त विकली गेली तर त्यातले सत्तर रुपये तुमच्या खिशातले असतात. खरेदी महाग पडली तर ती या सूत्रात थेट दिसत नाही, ती दिसते बिल मिळायला लागणाऱ्या उशिरात.

इथेनॉलमध्ये तर खरेदीदार सरकारी तेल कंपन्या आहेत. निविदा ऑनलाइन, दर सरकारने ठरवलेला. तरी ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम चालू असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. नंतर आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी दिली आणि पुढच्या पुरवठा वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठवले. करार संगणकावर झाला म्हणून तो हलणार नाही, असे धरून कर्ज काढणाऱ्या कारखान्यांना त्या हंगामात झोप लागली नाही.

कारखान्याचे कागद मात्र सरकारी कागदांसारखे उघडे नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे, सरकारचे भरीव नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य नसलेल्या सहकारी संस्थेला माहितीचा अधिकार थेट लागू होत नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहारापुरत्या नोंदी पाहता येतात. बाकीचे विचारण्याची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, जी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे "भ्रष्टाचार झाला" असे ओरडून काही हाती लागत नाही, सभा उधळते एवढेच. त्यापेक्षा "बगॅसच्या निविदेला किती जणांनी दर भरले, सर्वांत वरचा आणि त्याखालचा दर काय होता, वर्णनात ओलावा किती टक्के धरला होता" असे तीन प्रश्न लेखी स्वरूपात सभेपूर्वी द्यावेत. अशा प्रश्नाला गोलमाल उत्तर देता येत नाही, आणि ज्याचे काम चोख आहे त्याला उत्तर द्यायला आवडते.

शेतकी विभागाकडे सभासदांची खते आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची मागणी गट कार्यालयामार्फत येते. पूर्वहंगामी लागवडीसाठी झिंक सल्फेटची मागणी नोंदवताना सर्वांनी किलोसोबत २१ टक्के की ३३ टक्के हे अर्जावर लिहावे. रकाना छापलेला नसेल तर हाताने लिहावे. स्लिपबॉयने तो आकडा तसाच रजिस्टरला उतरवून घ्यावा, म्हणजे मागणी एकत्र करून पुढे पाठवताना मालाचे वर्णन पूर्ण जाईल.

— ऊस विकास अधिकारी