खोपोलीहून गुवाहाटी: नवीन माणसांना विमानाने साइटवर पाठवताना



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टूरच्या खर्चाची शीट पाहिली. शीटमध्ये न मावणारा भाग इथे लिहितोय, कारण कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या छोट्या युनिटवाल्यांकडून हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. मशीन खोपोलीत बनतं, गिऱ्हाईक आसामात असतं आणि बसवायला माणसं पाठवावी लागतात. त्यातही एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन, एक साइट इंजिनिअर, आणि तिघंही एकमेकांना महिनाभर ओळखत नाहीत.

आधी माझी चूक सांगतो. ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी एका वर्कशॉपमध्ये होतो. तिघांना घेऊन गुवाहाटीला गेलो. त्यातला एक मुलगा कर्जतजवळच्या वाडीतला, कामाला लागून जेमतेम 3 आठवडे. तो विमानात पहिल्यांदाच बसतोय हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहाटे 2 ला घरातून निघालेला. मुंबईहून गुवाहाटीला साधारण 3 तास लागतात. विमानात आम्ही सँडविच घेतलं, तो म्हणाला, "भूक नाही, सर." उतरल्यावर चहाही नको म्हणाला. रात्री हॉटेलवर कळलं की पैसे कोण देणार हेच त्याला माहीत नव्हतं. खिशात 400 रुपये होते आणि त्यात 4 दिवस काढायचे असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दिवसभर पोरगं उपाशी होतं. महिन्याभरात त्याने काम सोडलं. कारण घरचं सांगितलं. खरं असेलही, पण मला अजून ते सँडविच आठवतं.

जुन्या माणसाला रीत ठाऊक असते. नवीन माणूस विचारायला लाजतो, साहेबासमोर तर जास्तच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मालकाने स्वतः सगळ्यांना बसवून बोलायचं. "पहिल्यांदा विमानात कोण बसतंय?" असं मात्र विचारू नका, चारचौघांत कोण हात वर करेल? सगळ्यांनाच अगदी पहिल्यापासून सांगा. ज्याला माहीत आहे तो 5 मिनिटं कंटाळेल, बिघडलं काय?

पैशांचं आधी बोला. रोजचा जेवणाचा भत्ता ठरवा आणि ॲडव्हान्स प्रत्येकाच्या हातात वेगळा द्या. सगळी रक्कम इंजिनिअरकडे ठेवली की फिटरला दर चहाला त्याच्याकडे बघावं लागतं. चार दिवसांत त्याची चीड येते आणि ती मग साइटवरच्या कामात निघते. खोलीत कोण कोणाबरोबर झोपणार हेही इथेच ठरवा, रात्री 10 वाजता हॉटेलच्या काउंटरवर नको.

आता विमानतळ. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. चौकवरून पनवेलला उतरणाऱ्या आपल्या लोकांना तो जवळचा. पण तिकिटावर नीट बघा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. मुंबई असेल तर टर्मिनल 1 की 2 तेही बघा. चौघांपैकी एक जण भलत्याच विमानतळावर पोचला तर टीम फुटलीच. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव असतं, तिकिटावर राहून जातं, म्हणून बुकिंग करताना आधार समोर ठेवा. बॅगेचा काउंटर बहुतेक कंपन्या विमानाच्या 60 मिनिटं आधी बंद करतात. रविवारी संध्याकाळचं विमान असेल तर पुण्याकडून आणि फार्महाऊसवरून परतणारी गर्दी हिशोबात धरा.

हत्यारांची गोष्ट सगळ्यात जास्त नडते. पाने, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल मशीन केबिनमध्ये नेता येत नाही, ते आत टाकायच्या बॅगेत. पण कॉर्डलेस ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक उलट, त्या हातातल्याच बॅगेत लागतात. बॅटरीवर वॉट-अवर छापलेलं नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर म्हणजे 72, शंभरच्या आत, चालतं. लायटर कुठल्याच बॅगेत नको. हे फिटरला आदल्या दिवशी सांगितलं नाही, तर सिक्युरिटीला त्याची पिशवी सगळ्यांसमोर उपसली जाते आणि मागे उभे असलेले नवे सहकारी बघत राहतात. स्वतःचे पाने कचऱ्याच्या डब्यात टाकावे लागणं हे कारागिराला किती लागतं, ते हत्यारं वापरणाऱ्यालाच कळेल.

कराचं थोडक्यात. तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाका, इकॉनॉमीच्या तिकिटावरच्या 5 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. हॉटेलचं मिळत नाही. हॉटेल आसामात, म्हणजे कर आसामचा, आणि आपली नोंदणी महाराष्ट्रातली. तेव्हा कोटेशन देताना हॉटेल करासकट धरा.

आणि एक, जे मला तिथे जाऊन कळलं. डिसेंबरमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडच्या सवयीने 10 ला काम सुरू केलं तर उघड्यावरच्या फिटिंगला जेमतेम 6 तास मिळतात, आणि मग नवीन टीममध्ये "तुझ्यामुळे उशीर झाला" सुरू होतं. सकाळी 7 ची वेळ निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

खालापूरच्या एका युनिटवाल्यांना मी हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी मीटिंग 20 मिनिटांत उरकली. शेवटी "कोणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग फिटर म्हणाला, "साहेब, विमानात डबा चालतो का?"

चालतो. भाकरी, चपाती, सुकी भाजी, कोरडी चटणी न्या. पातळ आमटी आणि लोणचं घरी ठेवा. त्या मालकांनी त्या दिवशी आपल्या घरूनही एक डबा जास्तीचा दिला.