नैवाशाचा काठ

नकाशात सरोवराचा काठ म्हणजे एक निळी रेघ. परंतु केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी ज्याचे घर व बाग आहे, त्याला ती रेघ आज कोठे आहे हे रोज पाहावे लागते.

आफ्रिकेच्या महाखचदरीत सुमारे १,८८० मीटर उंचीवर हे सरोवर आहे. मलेवा नदी त्यात पाणी आणते. बाहेर मात्र एकही नदी पडत नाही. तरीही पाणी गोडे, कारण ते भूमीखालून झिरपून जाते. पावसाप्रमाणे पातळी चढते, उतरते. २००९ च्या दुष्काळात काठ दूर गेला. २०२० मध्ये पाणी कुंपणे ओलांडून आत आले आणि काठची पिवळ्या खोडांची बाभूळवर्गीय झाडे उभ्या उभ्या मेली.

म्हणून येथील पहिले काम पंपाचे. पाणी हटले की पाइप पुढे न्यायचा, चढले की पंपच उचलून वर आणायचा. हे वाचताना मला घर आठवले. आजोबांची जमीन उजनी धरणात गेली. पाणी ओसरले की वडील गाळपेर करतात, आणि पाण्यामागे पाइप व 'फुटबॉल' (म्हणजे फूटव्हॉल्व्ह) ओढत नेणे हे उन्हाळ्यातील माझे काम. नैवाशालाही उघडी पडलेली जमीन काठच्या मालकांनी वापरावी, पण तिच्यावर पक्के बांधकाम करू नये, असे १९३३ मध्ये ठरले होते. गाळपेरच की!

दुसरे काम जलपर्णीचे. ती दक्षिण अमेरिकेतली. येथे १९८८ च्या सुमारास दिसली. सकाळी धक्का मोकळा करावा, तर दुपारच्या वाऱ्याने दुसऱ्या काठची जलपर्णी येऊन भिडते. 'नैवाशा' हे नाव ज्या मासाई शब्दावरून आले, त्याचा अर्थच खवळलेले पाणी असा आहे. होड्यांची कामे म्हणूनच सकाळी उरकतात.

सर्वांत चिकाटीचे काम पाणघोड्यांमुळे. दिवसा पाण्यात पडून राहणारा हा प्राणी रात्री चरायला वर येतो आणि एका रात्रीत चाळीसेक किलो गवत फस्त करतो. हिरवळ त्याला आयतीच! त्याचे पाय आखूड, त्यामुळे गुडघ्याएवढ्या उंचीची विजेची तार पुरते. पण तारेला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते व झटका बसत नाही. तेव्हा तारेखालचे गवत सतत कापत राहायचे. अंधार पडल्यावर पाहुण्यांनी एकट्याने बाहेर पडायचे नाही. विजेरी घेऊन 'अस्करी', म्हणजे पहारेकरी, सोबत जातो.

मालकाचा पंप वर नेता येतो. किहोटो या सखल वस्तीत फुलशेतीवरील मजूर भाड्याच्या खोल्यांत राहतात. तेथे २०२० मध्ये पाणी शिरले, २०२५ मध्ये पुन्हा शिरले. चराईची जमीन बुडाल्याने पाणघोडेही वस्तीत येऊ लागले. तेथे तार नव्हती, अस्करीही नव्हता. लोकांना सामानासह होडीतून बाहेर पडावे लागले.