पिकअपमधील फेरफार, ब्रेक आणि एबीएस



भाजीपाला, कांदा, दूध बाजारात पोहोचवण्यासाठी आज अनेकांच्या दारात पिकअप उभी असते. नवी गाडी आली की थोड्याच दिवसांत तिला जादा पाटे चढतात, मागोमाग मोठे टायर येतात. माल जास्त बसतो हे खरे. परंतु या दोन्ही बदलांचा ब्रेकशी थेट संबंध आहे आणि पाटे चढवणारा तो सहसा सांगत नाही.

प्रथम पाट्यांचे पाहू. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो व मागची चाके हलकी होतात. अशा वेळी रिकाम्या गाडीच्या मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळाला, तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. हे टाळण्यासाठी अनेक पिकअपमध्ये लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. माल भरला, पाटे दबले, चासी खाली आली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जादा पाटे घातल्यावर चासी पुरेशी खाली येतच नाही. गाडीत दीड टन कांदा असला तरी व्हॉल्व्हच्या लेखी ती अर्धी रिकामीच! मागचे ब्रेक कमी काम करतात, ताण पुढच्या ब्रेकवर पडतो आणि घाटात ते तापून निकामी होऊ लागतात. दांडी तारेने वर बांधून टाकण्याचा उपाय कोणी सुचवल्यास तो मुळीच करू नये. मग रिकाम्या परतीच्या वाटेवर, विशेषतः पावसात, गाडी फिरण्याचा धोका असतो.

मोठ्या टायरचा हिशोब सोपा आहे. टायरची त्रिज्या १० टक्के वाढली, की पायाच्या तेवढ्याच दाबाला जमिनीवर मिळणारी रोखशक्ती सुमारे ९ टक्के घटते. शिवाय मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर गाडी थांबायला जवळजवळ एक तृतीयांश अंतर जास्त लागते. नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चाही अडसर आहे, हे वेगळेच.

आता एबीएसकडे वळू. नव्या गाड्यांत ते असते आणि त्याबद्दल तक्रारीही असतात. चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा त्या चाकाचा दाब क्षणभर सोडते व पुन्हा देते. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग वळवता येते. डांबरी रस्त्यावर, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच, हा मोठा फायदा आहे. परंतु आपल्या शिवाररस्त्यावर, सुट्या खडीवर, मुरमावर गोष्ट उलटी होते. तेथे जाम झालेले चाक पुढे खडीचा ढीग जमवते आणि त्या ढिगाने गाडी लवकर अडते. एबीएस चाकाला फिरते ठेवते, म्हणून ढीग जमत नाही आणि गाडी जास्त अंतर पुढे जाते. हा दोष खरा आहे. त्यावर उपाय एकच: कच्च्या रस्त्यावर वेग आधीच कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखावे. (काही मोटारसायकलींना मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय कंपनीच देते, ती याचसाठी.)

पिकअपचा फ्यूज काढून एबीएस बंद करणे मात्र महागात पडते. अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही तेच युनिट करते. फ्यूजबरोबर ती वाटणीही जाते, आणि रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात.

एबीएस काम करताना पेडल पायाखाली थरथरते, करकर आवाज येतो. बिघाड झाला असे समजून बरेच चालक पाय उचलतात. पाय उचलू नये, पंपही करू नये. जोराने दाबून धरावा. घाटात मात्र एबीएसचा उपयोग नाही. तापलेला लायनर त्याला थंड करता येत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधील व्हॅक्यूम संपतो व पेडल दगडासारखे कठीण होते.

चिखलातून आल्यावर चाकाजवळील सेन्सर व दातेरी रिंग पाण्याने धुवावी. तेथे चिखल अडकला की सेन्सरचा संदेश चुकतो व यंत्रणा स्वतःहून बंद पडते. साधे ब्रेक चालू राहतात, म्हणून ते लक्षात येत नाही. सकाळी चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो व थोड्याच वेळात विझतो. तो विझला नाही, किंवा मुळीच लागला नाही, तर माल भरण्यापूर्वी गाडी दाखवून घ्यावी.