गेरूचे चित्र आणि घरचा प्रिंटर

डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोकांच्या घरी लग्न निघाले, की सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. भिंत कुडाची असते. तिच्यावर गेरूचा हात देतात आणि वर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे. चौक ‘काढतात’ असे ते लोक म्हणत नाहीत, ‘लिहितात’ असे म्हणतात. तुम्ही अक्षरे आता लिहू लागलात. या बायका किती पिढ्या लिहीत आल्या आहेत, पहा!

पुढे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते देशोदेशी नेले. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. ते 2018 साली वारले.

आता काही घरांत हाताने एक चित्र लिहितात आणि त्याच्या प्रती घरच्याच प्रिंटरवर छापतात. यात वाईट काही नाही. मात्र प्रत ही प्रत म्हणूनच विकावी. मागच्या बाजूस ‘छापील प्रत’ असे लिहावे. दुसऱ्याचे चित्र असेल, तर त्याला विचारल्यावाचून छापू नये.

आम्हीही असा प्रिंटर घेतला. एका पावसाळ्यात तो दीड महिना बंद पडून राहिला. दिवाळीच्या तोंडावर चाळीस चित्रांची मागणी आली. आम्ही खुशीत पहिले चित्र छापले. पाहतो तो काय! गेरूवर आडव्या पांढऱ्या रेघाच रेघा. आम्ही घाबरलो. सफाईचे बटण एकामागून एक आठ वेळा दाबले. शाई निम्मी संपली, रेघा तशाच. मागणी दुसरीकडे गेली. चूक आमचीच होती. तीच तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे सांगत आहोत.

रेघा का पडतात? प्रिंटरात एक हेड असते. ते कागदावरून इकडून तिकडे धावते. त्याला केसाहून बारीक भोके असतात. त्यांतून शाईचे थेंब पडतात. यंत्र बरेच दिवस बंद राहिले, की त्या भोकांत शाई सुकते. पेन उघडे टाकल्यावर त्याचे टोक सुकते ना, तसेच. मग जिथे थेंब पडत नाही तिथे कागद कोरा राहतो. साध्या पत्रात हे एक वेळ चालून जाते. पण गेरूचे चित्र म्हणजे सगळा कागद रंगाने भरायचा. पांढरी शाई या घरगुती यंत्रात नसतेच. माणसे, झाडे, तारपा वाजवणारा, ही सगळी पांढरी चित्रे म्हणजे न रंगवलेला कागदच होय. म्हणून एक भोके बुजले तरी ते लगेच दिसते.

यावर उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा तरी एक लहानसे रंगीत चित्र छापावे. बाजाराच्या दिवशी छापावे म्हणजे आठवण राहते. शाई वाहती राहिली, की सुकत नाही.

मोठे काम हाती घेण्याआधी ‘नोझल चेक’ करावे. साध्या कागदावर चार रंगांच्या बारीक रेघा उमटतात. रेघ तुटलेली दिसली, तर तो रंग अडला आहे असे समजावे. गेरू हिरवट दिसू लागला, तर गुलाबी शाई अडली असेल. जांभळट दिसला, तर पिवळी. रेघ तुटली, तर ‘हेड क्लीनिंग’ एकदा करावे आणि पुन्हा तपासावे. फार तर दोन-तीन वेळा. तरी नाही सुटली, तर यंत्र बंद करून रात्रभर तसेच ठेवावे. सुकलेली शाई ओली व्हायला वेळ लागतो, घाई करून ती सुटत नाही. सकाळी पुन्हा पाहावे. सफाईत वाया गेलेली शाई यंत्राच्या पोटातल्या एका गादीत मुरते. ती गादी भरली, की यंत्र अडून बसते. आठ वेळा बटण दाबणे किती महागात पडते, आता कळले ना?

यंत्र बंद करायचे ते त्याच्याच बटणाने. आधी बटण, मग भिंतीवरचा स्विच. बटणाने बंद केले, की हेड एका टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसते आणि ओले राहते. एकदम वीज तोडली, तर ते वाटेत उघडेच राहते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. गेलीच, तर परत आल्यावर यंत्र चालू करावे, हेड जागेवर जाऊ द्यावे, मग बटणाने बंद करावे.

शाई टाकीवरच्या खालच्या रेघेच्या आत जाऊ देऊ नये, नाहीतर नळीत हवा शिरते. एका यंत्राची शाई दुसऱ्यात घालू नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

धुळीचे काय करावे? यंत्रावर धुतलेले सुती कापड घालावे. कागद ओढणारे रबरी रोळ किंचित ओल्या, सूत न सुटणाऱ्या फडक्याने पुसावेत. हेडच्या वाटेवर एक पारदर्शक पट्टी असते. तिला हात लावू नये. ती पाहूनच यंत्राला हेड कुठे आहे ते कळते. तिच्यावर तेलकट बोट उमटले, की चित्र वेडेवाकडे येते.

कागदावर बारीक तंतू असतात. छापण्याआधी तो मऊ कुंचल्याने झाडावा. तंतूवर शाई बसते, तंतू मागाहून गळून पडतो आणि तिथे पांढरा ठिपका उरतो. वारली चित्रात पांढरा ठिपका म्हणजे धान्याचा दाणाही असू शकतो. चित्र लिहिणारीने न टाकलेला दाणा आपण का टाकावा?

पावसाळ्यात कागद सर्दावतो, वाकतो आणि हेडला घासतो. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत, आडवा, फळीवर ठेवावा. लागेल तेवढाच बाहेर काढावा.

छापलेले चित्र ओले असते. दिसत नाही, पण असते. एक दिवस सपाट, सावलीत वाळवावे. बोट लावून पाहू नये; पोरांना तर खोलीत सोडूच नये. दुसऱ्या दिवशी मध्ये कोरा कागद घालून चित्रे एकावर एक रचावीत आणि मग बांधावीत.