शहरातील माती आणि मुलांचे आरोग्य
(सामान्य विज्ञान व आरोग्य : पाठ-टिपण)

हेतू : मातीतील शिसे मुलांच्या शरीरात कसे शिरते व ते कसे टाळावे, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

विवेचन : पालापाचोळा कुजून मातीशी एकरूप होतो, धातू मात्र कुजत नाही. म्हणून खाणी, कारखाने व वाहनांची वर्दळ असलेल्या शहरांच्या मातीत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू साठत जातात. आफ्रिकेतील झांबिया देशात काब्वे हे शहर आहे. तेथील शिसे-जस्ताची खाण १९९४ साली बंद झाली. तथापि खाण बंद झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तातही शिसे आढळले आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली; पण पूर्वी धुरावाटे रस्त्याकडेच्या मातीत उतरलेले शिसे आपोआप नाहीसे होत नाही. जुन्या रंगाचे पापुद्रे व उघड्यावर फोडलेल्या बॅटऱ्या त्यात भर घालतात. बॅटऱ्या फोडण्याचा धंदा खेड्यातही चालू शकतो, हे ध्यानात असावे.

लहान मूल मातीत खेळते व तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या मानाने चार ते पाच पट अंश मुलांचे शरीर शोषून घेते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास हे प्रमाण वाढते. शिसे हाडांत साठते, रक्तक्षय घडविते आणि मेंदूच्या वाढीस बाध आणते. मेंदूची ही हानी बहुधा भरून येत नाही.

शिक्षकांस सूचना : शिशाची बाधा चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, रक्ततपासणीनेच कळते. अशा परिसरातून आलेला विद्यार्थी चंचल असेल, पाठ विसरत असेल, तर त्यास मठ्ठ म्हणून शिक्षा करू नये. पालकांस विश्वासात घेऊन त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

कृती : एका विद्यार्थ्याच्या तळहातास खडूची पूड लावावी व त्यास पाटी, दप्तर व पाण्याचा पेला हाताळू द्यावा. पूड कोठकोठे पोचली, हे वर्गाने मोजावे. नंतर साबणाने हात धुऊन तोच प्रयोग पुन्हा करावा व फरक मुलांकडूनच वदवून घ्यावा.

प्रश्न :
१. खाण बंद झाली तरी काब्वेच्या मातीतील शिसे का गेले नाही?
२. मोठ्यांपेक्षा लहान मुलांस धोका अधिक का?
३. आपल्या गावात जुन्या बॅटऱ्यांचे काय होते?