आधी पाहा, मग फवारा

(घरातील कुंडीतल्या झाडावर कीड पडली तर ती कशी ओळखावी, तिच्यावर कोणता उपाय करावा आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

तुमच्या घराच्या गॅलरीत किंवा अंगणात एखादी कुंडी असेल. तिच्यात जास्वंद, लिंबू किंवा कढीपत्ता लावलेला असेल. एके दिवशी झाडाची कोवळी पाने आकसलेली दिसतात. कळ्या न उमलताच गळून पडतात. फांदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "औषध आणा आणि फवारा!" पण जरा थांबा. आधी झाडाकडे नीट पाहा.

पाहायचे कसे? पान उलटे करा. बहुतेक किडी पानाच्या मागच्या बाजूला लपतात. नंतर कोवळे शेंडे आणि पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, ती जागा पाहा. जवळ भिंग असेल तर फारच चांगले.

पांढऱ्या पुंजक्यांत मऊ, चपटे, पीठ लावल्यासारखे किडे दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. शेंड्यांवर हिरव्या किंवा काळ्या बारीक किड्यांची गर्दी असेल तर तो मावा. फांदीला तपकिरी खवले चिकटले असतील आणि ते नखाने निघत असतील तर ती खवले कीड. झाड हलवताच पांढरे, इवलेसे किडे उडाले तर ती पांढरी माशी. पानावर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली, तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी समजा. कोळ्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे.

यांपैकी पिठ्या, मावा, खवले कीड आणि पांढरी माशी आपली सुईसारखी सोंड झाडात खुपसून रस पितात. त्या रसातली जास्तीची साखर त्या शरीराबाहेर टाकतात. म्हणून पाने चिकट होतात. या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. मग पानाला पुरेसा सूर्यप्रकाश मिळत नाही. हा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात किडीचे रक्षण करतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तिच्या मागोमाग जा. कीड सापडण्याची शक्यता फार.

पण झाडावरचा प्रत्येक किडा शत्रू नसतो. हे समजण्यासाठी पुण्याजवळच्या मांजरीची गोष्ट ऐका. उसाच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही उसावर संशोधन करणारी संस्था आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पडला. पानांची खालची बाजू पांढऱ्या लोकरीने झाकून गेली. पाहता पाहता ही कीड पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पसरली. शेतकरी घाबरून गेले. माणसापेक्षा उंच, दाट उसात शिरून औषध फवारणे अवघड होते. शिवाय त्या औषधाने मावा खाणारे किडेही मेले असते.

शास्त्रज्ञांनी पाने बारकाईने तपासली. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक लोकरी मावा खातात, असे आढळले. मांजरीच्या संस्थेत हे मित्रकीटक जाळीखाली वाढवण्यात आले. ते शेतात सोडण्यात आले. पुढच्या काही वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला.

मांजरीतच १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षवेलींनाही पिठ्या ढेकणाचा मोठा त्रास होतो. पिठ्या खाण्यासाठी द्राक्षबागेत क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा सोडतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली आणला गेला. गंमत अशी, की त्याची अळीही पिठ्यासारखी पांढरी आणि मेणचट दिसते! मग फरक कसा ओळखावा? अळी पिठ्यापेक्षा बरीच मोठी असते आणि भराभर चालते. पिठ्या बहुधा एका जागी चिकटून बसतो. न पाहता औषध फवारणारा माणूस आपल्याच राखणदाराला मारतो.

आता उपाय पाहू.

१. कीड लागलेली कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवा.

२. फार खराब झालेले शेंडे कापून पिशवीत बांधा आणि टाकून द्या.

३. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. पुष्कळसा मावा आणि कोळी यानेच निघून जातात.

४. पिठ्या आणि खवले कीड ओल्या कापसाने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा.

५. तरीही कीड राहिली तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण चांगला मिसळा. आधी दोनतीन पानांवर फवारा. दुसऱ्या दिवशी पाने करपली नाहीत, तर संध्याकाळी सर्व झाडावर फवारा. अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर येतात, म्हणून दर आठ दिवसांनी असे दोनतीन वेळा करा. ढालकिडे किंवा त्यांच्या अळ्या दिसल्या तर मात्र हा फवारा मारू नका.

शेतातली विषारी औषधे घरात कधीही वापरू नका. कढीपत्ता आणि लिंबू आपल्या पोटात जातात. कोणतेही औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान भावंडे ते चुकून पितील. फवारणीच्या वेळी घरातले मोठे माणूस जवळ असू द्या आणि नंतर हात साबणाने धुवा.

कीड येऊच नये म्हणून काय करावे? रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप दोन आठवडे वेगळे ठेवा. कुंड्या खेटून ठेवू नका. झाडाला ऊन आणि वारा मिळू द्या. खत बेताने घाला, कारण जास्त खताने फुटलेली कोवळी पालवी माव्याला फार आवडते. मुंग्यांना झाडावर चढू देऊ नका. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहा.

ही पाच मिनिटांची सवय तुमचे झाड वाचवील. उद्याच एक पान उलटून पाहा. तिथे कोण राहते, ते वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ

आकसणे – आखडणे, लहान होणे
पुंजका – लहान गुच्छ
खुपसणे – आत घुसवणे
आटोक्यात येणे – काबूत येणे
राखणदार – रक्षण करणारा
बेताने – प्रमाणात

स्वाध्याय

१. पाने चिकट का होतात?
२. उसावर औषध फवारणे अवघड का होते?
३. पिठ्या ढेकूण आणि क्रिप्टोलेमसची अळी यांतील फरक सांगा.
४. कारण द्या : कढीपत्त्यावर शेतातले विषारी औषध फवारू नये.
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : शत्रू, कोवळे, अवघड, उलटे.
६. घरातील किंवा शाळेतील एका झाडाचे चार आठवडे निरीक्षण करा आणि आठ ओळी लिहा.