घटक ३ : संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन – संकट आणि ईश्वरसान्निध्य

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• संत बहिणाबाईंच्या जीवनातील कोल्हापूर-पर्वाची माहिती सांगता येईल.
• संकटकाळातील ईश्वरसान्निध्याची जाणीव आत्मनिवेदनातून कशी व्यक्त होते, हे स्पष्ट करता येईल.
• नवस आणि आळवणी या दोन भाषाव्यवहारांतील भेद उलगडून दाखवता येईल.
• संतांची श्रद्धा आणि निमूट सहनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘देव पाठीशी आहे’ हे वाक्य आपल्या बोलण्यात अगदी सहज येते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी करवीर व शिरोळ तालुक्यांतील गावांमध्ये शिरले. आपल्यापैकी ज्यांनी तो पूर अनुभवला, त्यांनी हे वाक्य ऐकले असेल. कदाचित इतरांना धीर देताना उच्चारलेही असेल. मात्र पाणी ओसरल्यावर, भिंतीवरची चिखलाची रेघ पाहताना, दुसरे एक वाक्यही मनात आले असेल : ‘देव पाठीशी होता, तर हे का झाले?’

ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात. पहिले श्रद्धेचे आणि दुसरे अश्रद्धेचे, अशी त्यांची विभागणी आपण करतो. संतसाहित्यात मात्र ही दोन्ही वाक्ये एकाच मुखातून येतात, आणि पुष्कळदा एकाच रचनेत येतात. असे का घडते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचा विचार आपण संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मनिवेदनाच्या आधारे करणार आहोत. या आत्मनिवेदनातील सर्वांत कठीण आणि सर्वांत निर्णायक प्रसंग कोल्हापुरात घडले, हेही या निवडीचे एक कारण आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. संत बहिणाबाई आणि खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ वारंवार आढळते, ती टाळावी.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ बहिणाबाई आणि आत्मनिवेदन

बहिणाबाईंचा जन्म मराठवाड्यातील वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. वडील गावचे कुलकर्णी होते. अगदी बालवयात त्यांचा विवाह शिऊर येथील रत्नाकर पाठक यांच्याशी झाला. रत्नाकर बिजवर होते आणि वयाने पुष्कळ मोठे होते. भाऊबंदकीच्या तंट्यामुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा प्रवास करीत हे कुटुंब कोल्हापुरात आले, तेव्हा बहिणाबाई सुमारे अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळी हा प्रदेश आदिलशाहीत होता.

पुढील आयुष्यात बहिणाबाईंनी हा सारा जीवनप्रवास अभंगांतून कथन केला. मराठीतील स्त्रीलिखित आत्मचरित्रपर लेखनाचा विचार करताना या अभंगांना फार मोठे महत्त्व आहे. वारकरी संप्रदायाच्या जडणघडणीला मंदिराच्या इमारतीची उपमा देणारा, ज्ञानदेवांना पाया आणि तुकोबांना कळस मानणारा सुप्रसिद्ध अभंगही त्यांच्याच नावे ओळखला जातो.

३.३.२ कोल्हापूर-पर्व : प्रसंगांचा क्रम

कोल्हापुरात एका वैदिक ब्राह्मणाच्या घरी या कुटुंबाला आश्रय मिळाला. तेथेच एक कपिला गाय त्यांच्याकडे आली आणि तिला वासरू झाले. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला, की त्या जातील तेथे ते त्यांच्या मागे जाई. पाणी आणायला निघाल्या तरी ते सोबत असे. त्या सुमारास नगरात जयरामस्वामींची कीर्तने चालू होती. बहिणाबाई कीर्तनाला जात तेव्हा वासरूही जाई. एकदा गर्दीमुळे त्याला बाहेर काढण्यात आले. ते हंबरू लागले, बहिणाबाईही व्याकूळ झाल्या. हे कळताच स्वामींनी वासराला आत आणवले आणि बहिणाबाईंच्या मस्तकावर हात ठेवला.

या घटनेची वार्ता रत्नाकरांच्या कानी गेली. पत्नीचा नगरात बोलबाला व्हावा, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी बहिणाबाईंना मारहाण केली आणि बांधून ठेवले. आत्मनिवेदनात ही मारहाण लपवलेली नाही, सौम्यही केलेली नाही. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले, आणि पुढे ते वासरू मरण पावले. बहिणाबाई मूर्च्छित होऊन काही दिवस पडून राहिल्या. या अवस्थेतच त्यांना तुकोबांचा स्वप्नानुग्रह झाला.

येथे एक तपशील विसरता कामा नये. तोपर्यंत बहिणाबाईंनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानांवर पडत होते, एवढाच काय तो परिचय. देहू आणि कोल्हापूर यांमधील अंतर केवळ शब्दांनी ओलांडले होते.

३.३.३ दुष्काळातील शब्द

ज्या शब्दांनी हे अंतर ओलांडले, त्यांची पार्श्वभूमीही पाहिली पाहिजे. इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात येथे भीषण दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला, त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून दगावली, मुलगाही गेला. या आघातांनंतर तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात रमू लागले आणि पुढे त्यांची अभंगवाणी प्रकटली. त्यांनाही गुरूपदेश स्वप्नातच, बाबाजी चैतन्यांकडून, लाभला होता.

म्हणजे दुष्काळाच्या आगीतून गेलेल्या एका माणसाचे शब्द कोल्हापुरातील एका मार खाल्लेल्या मुलीपर्यंत पोहोचले. तुकोबांनी ते तिच्यासाठी लिहिले नव्हते. तरीही ते तिच्या उशाशी येऊन बसले. आत्मनिवेदनातील ईश्वरसान्निध्याचा विचार करताना हा दुवा मुख्य मानावा.

३.३.४ सान्निध्याचे स्वरूप

‘सान्निध्य’ हा शब्द ‘सन्निधि’ या संस्कृत शब्दापासून सिद्ध झाला आहे. त्याच्या मुळाशी ‘जवळ ठेवणे’ हा अर्थ आहे. सान्निध्य म्हणजे जवळपण. त्यात संकटनिवारणाचे आश्वासन अंतर्भूत नाही. या शब्दार्थाच्या प्रकाशात कोल्हापूर-पर्व वाचले, तर तीन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट : देवाच्या जवळपणामुळे संकट टळले, असे बहिणाबाई सांगत नाहीत. मार बसला, वासरू गेले, स्वप्नानुग्रहानंतरही त्रास संपला नाही. शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना पत्नीने गुरू मानले, हे रत्नाकरांना सहन झाले नाही; घर सोडून जाण्याचा विचार त्यांनी केला. पुढे त्यांना गंभीर आजार झाला, त्या आजारात त्यांचे मन पालटले आणि कुटुंब देहूला गेले. तेथेही मंबाजी गोसाव्याचा विरोध वाट्याला आला.

दुसरी गोष्ट : हे जवळपण माध्यमांतून येते. मागे मागे येणारे वासरू, मस्तकावर ठेवलेला हात, कीर्तनातून ऐकलेले शब्द, स्वप्न. देव एकदम आकाशातून अवतरत नाही. कोणाच्या तरी मायेतून आणि कोणाच्या तरी वाणीतून तो पोहोचतो.

तिसरी गोष्ट : हे जवळपण दिसेलच असे नाही. संतपरंपरेत कासवीचा दृष्टांत येतो. कासवी एका तीरावर, पिल्ले दुसऱ्या तीरावर. तिच्या नुसत्या दृष्टीने ती पोसली जातात, अशी जुनी लोकसमजूत आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती खरी नाही, परंतु दृष्टांत म्हणून अर्थपूर्ण आहे. अंतर कायम असूनही पोषण होऊ शकते, हा तिचा आशय आहे. देहूच्या तुकोबांचे आणि कोल्हापूरच्या बहिणाबाईंचे नाते नेमके असेच होते.

३.३.५ तक्रारीचे व्याकरण

बहिणाबाईंच्या अभंगांत तीव्र तक्रार आहे. आपण कोणते पाप केले म्हणून स्त्रीदेह मिळाला आणि देव दुरावला, असा प्रश्न त्या विचारतात. वेदांचा अधिकार नाही, मंत्र उघडपणे घेता येत नाही, मग परमार्थ कसा साधावा, हा त्यांचा पेच आहे. ही अश्रद्धा आहे काय?

भाषेच्या अंगाने पाहिले तर उत्तर मिळते. देवाविषयी बोलणे आणि देवाशी बोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘देव आहे’ किंवा ‘देव नाही’ ही तृतीय पुरुषातील विधाने होत. ती करताना देव समोर असण्याची आवश्यकता नसते. याउलट, संबोधन आणि द्वितीय पुरुष यांना श्रोता लागतो. ‘तू कुठे आहेस?’ असे विचारणाऱ्याने ऐकणारा कोणी आहे, हे विचारण्यापूर्वीच गृहीत धरलेले असते. म्हणून देवाकडे केलेली तक्रार ही त्याच्या सान्निध्यावरील विश्वासाची खूणच ठरते. प्रास्ताविकातील दोन वाक्ये एकाच मुखातून का येतात, याचे उत्तर येथे आहे. विश्वास तुटतो तो तक्रारीने नव्हे, तर संवाद थांबल्याने.

मराठी बोलीतही या नात्याच्या खुणा आहेत. ‘संकट’ आणि ‘साकडे’ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पहिला तत्सम, दुसरा तद्भव. मूळ अर्थ ‘अरुंद’, ‘चिंचोळे’. वाट अरुंद झाली की माणूस ‘साकडे घालतो’. म्हणजे स्वतःची अडचण तो देवाची करून टाकतो. ‘धावा’ या शब्दाचे नाते ‘धाव’ या धातूशी आहे. हाक ऐकून धावत येणारा कोणी तरी त्यात गृहीत आहे. ‘देव पाण्यात घालून बसणे’ या वाक्प्रचारात तर हट्ट आणि रुसवाही आहे. परक्यावर कोणी रुसत नाही.

तथापि, नवस आणि आळवणी यांत भेद करावा. नवसात अट असते : अमुक झाले तर अमुक वाहीन. तो बोलला जातो आणि फेडला जातो. फेडणे ही क्रिया कर्जाचीही आहे. आळवणीत अट नसते. वासरू परत मिळाले तरच भजन करीन, असे बहिणाबाई म्हणत नाहीत. नवसाचा शेवट फळाशी होतो; आळवणी फळावाचूनही चालू राहते.

३.३.६ वाचनातील एक सावधगिरी

बहिणाबाईंनी पुढे पतीसेवा आणि भक्ती यांचा मेळ घातला आणि पतिव्रताधर्माची महतीही सांगितली. त्यावरून ‘सोसत राहावे, देव पाहतो आहे’ असा बोध काढला जातो. तो अपुरा आहे. पतीचा विरोध कायम असतानाही बहिणाबाईंनी गुरू बदलला नाही आणि अभंगरचना सोडली नाही. जातीची मर्यादा ओलांडून त्यांनी तुकोबांचे शिष्यत्व स्वीकारले आणि झालेला अन्याय शब्दबद्ध करून ठेवला. ईश्वरसान्निध्याच्या जाणिवेने त्यांना गप्प बसवले नाही, बोलते केले. घरातील मारहाणीला श्रद्धेचे नाव देऊन ती झाकणे, हे या अभंगांचे चुकीचे वाचन होय. आपल्यापैकी ज्यांना हे वाचताना स्वतःचे काही आठवेल, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

३.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१) बहिणाबाईंनी कोणाची कीर्तने कोल्हापुरात ऐकली?
(अ) बाबाजी चैतन्य (ब) जयरामस्वामी (क) मंबाजी (ड) रामदास
२) ‘साकडे’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(अ) अरुंद (ब) अंधार (क) ओझे (ड) कर्ज
३) संबोधनाला आवश्यक असलेला घटक कोणता?
(अ) अट (ब) श्रोता (क) उपमा (ड) फळ

उत्तरे : १ – ब, २ – अ, ३ – ब.

३.५ सारांश

संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात ईश्वरसान्निध्य हे संकटनिवारण म्हणून येत नाही. ते सोबत म्हणून येते. ही सोबत वासरू, कीर्तन, स्वप्न आणि शब्द अशा माध्यमांतून मिळते. देवाकडे केलेली तक्रार हा श्रद्धेचा अभाव नसून संवाद चालू असल्याचा पुरावा आहे. एकाने स्वतःच्या दुःखात उच्चारलेले शब्द दुसऱ्याच्या दुःखात आधार होतात. अभंगपरंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

३.६ शब्दार्थ

आळवणी – काकुळतीने केलेली विनवणी
अनुग्रह – गुरूने केलेली कृपा, उपदेश
कपिला – तांबूस-पिंगट वर्णाची गाय
बिजवर – पुनर्विवाह करणारा पुरुष

३.७ सरावासाठी स्वाध्याय

१) संत बहिणाबाईंच्या जीवनातील कोल्हापूर-पर्वाचे महत्त्व विशद करा.
२) ‘तक्रार ही विश्वासाची खूण आहे’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
३) टीप लिहा : नवस आणि आळवणी.

३.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ स्त्रीला भेटा. आयुष्यातील कठीण काळात त्या देवाशी काय बोलल्या, हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या अनुमतीने लिहून घ्या. त्यात देवासाठी ‘तू’ किती वेळा आले आणि ‘तो’ किती वेळा आले, याची नोंद करा. त्या बोलता बोलता थांबल्या, तर पुढचा प्रश्न घाईने विचारू नका. तेवढा वेळ शेजारी बसून राहा.